शेजाऱ्याचं हेलिकॉप्टर

१८ जानेवारी २००७ च्या सकाळी ‘एमएससी नापोली’ हे कंटेनरवाहू जहाज इंग्लिश खाडीत ‘किरिल’ वादळाच्या तडाख्यात सापडलं. इंजिनखोलीच्या बाजूला जहाजाच्या कवचाला तडे गेले, पाणी आत शिरलं आणि कप्तानाने जहाज सोडायचा निर्णय घेतला. अंगात जाड इमर्शन सूट चढवलेली २६ माणसं लाइफबोटीत उतरली. ही लाइफबोट वरून पूर्ण बंद असते. आत उकाडा, दाटी, ढवळून निघालेली पोटं आणि ओकाऱ्या. तिथून डोकं बाहेर काढून एकेकाने हेलिकॉप्टरच्या पट्ट्यात अडकून वर जायचं होतं.

जिथे हे घडत होतं तो पाण्याचा तुकडा फ्रान्सच्या जबाबदारीतला. संकटाची दखल घेण्याचं काम ब्रिटनी किनाऱ्यावरच्या कोर्सेन केंद्राचं, पण हेलिकॉप्टरं आली ती ब्रिटिश नौदलाची, कॉर्नवॉलमधल्या कल्ड्रोझ तळावरची दोन सी किंग. त्यांनी सव्वीसच्या सव्वीस जणांना उचललं आणि ब्रिटनमध्ये नेलं. रिकाम्या जहाजाला दोर बांधले ते फ्रेंच टगांनी, आणि ते ओढत नेलं पुन्हा इंग्लंडच्या किनाऱ्याकडे. दोन दिवसांनी ते डेव्हनमधल्या ब्रॅन्सकोंब गावासमोर उथळ पाण्यात टेकवलं. पुढे कंटेनर किनाऱ्याला लागले, त्यांतल्या नव्या कोऱ्या बीएमडब्ल्यू मोटारसायकली लोकांनी ढकलत घरी नेल्या, आणि ‘नापोली’ लोकांच्या लक्षात राहिलं ते त्या मोटारसायकलींमुळे. बचावाची गोष्ट मागे पडली, कारण तीत काही बिनसलंच नाही. कोणाच्या पाण्यात कोणाचं हेलिकॉप्टर, हा प्रश्न त्या सकाळी कोणाला सोडवत बसावा लागला नाही. तो आधीच सुटलेला होता. इंग्लिश खाडीतल्या आपत्तींसाठी ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात १९७८ पासून ‘मांश प्लॅन’ नावाची संयुक्त योजना आहे.

हे आधीच सुटलेलं असणं किती अवघड आहे, ते समजायला समुद्राची एक वेगळी वाटणी पाहावी लागते.

नकाशावर समुद्रात आपण ज्या रेषा पाहतो त्या हक्कांच्या असतात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल प्रादेशिक समुद्र, २०० मैलांपर्यंत मासे आणि तेलावरचा हक्क. या रेषांवरून देश भांडतात, न्यायालयात जातात, क्वचित बंदुका काढतात. पण त्याच पाण्यावर दुसऱ्या रेषांचं एक जाळं आहे, आणि ते जबाबदारीचं आहे. १९७९ साली हॅम्बुर्ग इथे सागरी शोध आणि बचावाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. १९८५ मध्ये तो अमलात आला. त्यानुसार जगातल्या समुद्राची शोध-बचाव क्षेत्रांत वाटणी झाली. ज्याच्या क्षेत्रात संकट, त्याने हालचाल करायची. बुडणारा माणूस कोणत्या देशाचा, कोणत्या दर्जाचा, कोणत्या कारणाने तिथे आला, हे विचारायचं नाही. करारात एक सावध वाक्यही घालून ठेवलं आहे: या क्षेत्रांच्या सीमांचा देशांच्या सीमांशी काही संबंध नाही आणि त्यांवरून कोणाला सीमेचा दावा करता येणार नाही. हे वाक्य नसतं, तर निम्म्या जगाने सही केली नसती असं मला वाटतं.

भारताच्या वाट्याला यातलं सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर पाणी आलं आहे, म्हणजे आपल्या सगळ्या जमिनीपेक्षा बरंच जास्त. मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर इथली तटरक्षक दलाची केंद्रं ते सांभाळतात.

जबाबदारी वाटून घेतली म्हणून हेलिकॉप्टरं वाटून मिळत नाहीत. बचावाचं हेलिकॉप्टर हे महागडं आणि खादाड यंत्र आहे. एक सज्ज ठेवायचं तर पाळ्यांनी बदलणारे वैमानिक, विंच (दोराने माणसं वर ओढणारं यंत्र) चालवणारे, खाली उतरणारे, तंत्रज्ञ, आणि दुरुस्तीला गेलेल्या यंत्राच्या जागी दुसरं यंत्र, एवढा सरंजाम लागतो. एवढा लांब किनारा असलेला ब्रिटन बचाव-हेलिकॉप्टरांचे दहा तळ चालवतो, आयर्लंड चार. रोजच्या कामाला ते पुरतात. हजार माणसांचं जहाज बुडालं तर कोणालाच पुरत नाहीत. लग्नघरात पन्नास पाहुणे उतरणार म्हणून कोणी पन्नास गाद्या विकत घेत नाही. आळीतून मागून आणतो, आणि कोणाकडे किती आहेत हे आधी ठाऊक असतं. समुद्रावरही हीच रीत आहे. फक्त इथे शेजारी दुसरा देश असतो, आणि त्याच्याकडून मागायची वस्तू बहुधा लष्कराची असते.

अडचण तिथेच आहे. १९४४ च्या शिकागो करारानुसार लष्कर, पोलीस किंवा सीमाशुल्क खात्याचं विमान हे ‘शासकीय विमान’ ठरतं, आणि परवानगीशिवाय ते दुसऱ्या देशावरून उडू शकत नाही. हॅम्बुर्गचा करार म्हणतो की बचावासाठी येणाऱ्या परदेशी पथकांना ताबडतोब प्रवेश द्यावा; पण तो ‘द्यावा’ म्हणतो, आणि तेही देशाच्या कायद्यांच्या अधीन राहून. म्हणजे रात्री दोन वाजता शेजारच्या देशाचं नौदलाचं हेलिकॉप्टर तुमच्या किनाऱ्यावर येऊ घातलं, तर ते कोणाला विचारून येणार? परराष्ट्र खात्यातला परवानगी देणारा अधिकारी झोपलेला असतो. म्हणून शहाणे शेजारी हा प्रश्न दिवसाउजेडी सोडवून ठेवतात. उत्तर युरोपातल्या देशांनी १९८९ मध्ये ‘नॉर्ड्रेड’ नावाचा करार केला. आपत्तीत एकमेकांकडे मदत थेट मागायची, आणि मदत घेऊन येणाऱ्याला सीमेवर अडवायचं नाही, हा त्याचा गाभा.

पाचच वर्षांनी बाल्टिक समुद्रात या सगळ्याची कसोटी लागली.

२७ सप्टेंबर १९९४ च्या संध्याकाळी ‘एस्टोनिया’ ही प्रवासी फेरीबोट टॅलिनहून स्टॉकहोमला निघाली. तिच्यावर ९८९ माणसं होती. मध्यरात्रीनंतर पुढचं अवजड नाक, म्हणजे गाड्या आत घेण्यासाठी वर उचललं जाणारं झाकण, लाटांच्या माऱ्याने निखळलं. गाड्यांच्या मजल्यावर पाणी घुसलं, बोट एका अंगावर कलली. १ वाजून २२ मिनिटांनी पहिली हाक गेली. १ वाजून ५० मिनिटांच्या सुमाराला ती आसपासच्या जहाजांच्या रडारवरून नाहीशी झाली. अर्ध्या तासात खेळ संपला. कललेल्या बोटीत झोपलेल्या माणसाला केबिनमधून जिना शोधत डेकवर पोचायलाच तेवढा वेळ लागतो, आणि बहुतेक जण पोचू शकले नाहीत.

या अपघाताची भौगोलिक गुंतागुंत पाहा. बोटीवर ध्वज एस्टोनियाचा. प्रवाशांत निम्म्याहून जास्त स्वीडिश. जागा आंतरराष्ट्रीय पाण्यातली, फिनलंडच्या उत्यो बेटापासून सुमारे ४० किलोमीटरवर. शोध-बचाव क्षेत्र फिनलंडचं, त्यामुळे सूत्रं तुर्कूच्या केंद्राकडे. एस्टोनिया स्वतंत्र होऊन तीनच वर्षं झाली होती, बचावाचं स्वतःचं बळ जेमतेम.

आणि ती हाक? ती गेली दोन शेजारच्या फेरीबोटींना, ‘सिल्या युरोपा’ आणि ‘मारियेला’ यांना. काही इंग्रजीत, बरीचशी फिनिशमध्ये. वीज गेल्यामुळे बोटीवरचे लोक आपण नेमके कुठे आहोत हे लगेच सांगू शकले नाहीत. ते आकडे आले १ वाजून २९ मिनिटांनी. हेलसिंकीच्या किनारी रेडिओ केंद्राकडून पुढे सूचना गेली ती ‘मेडे’ म्हणून नव्हे, ‘पॅन-पॅन’ म्हणून. रेडिओच्या शिस्तीत हा फरक फार मोठा आहे. ‘मेडे’ म्हणजे प्राणसंकट, हातातलं टाकून धावा. ‘पॅन-पॅन’ म्हणजे तातडी आहे, लक्ष ठेवा. ज्या मिनिटाला बोट पाण्याखाली जात होती, त्याच सुमारास जगाला ‘लक्ष ठेवा’ असं सांगितलं जात होतं.

तुर्कूचं सुपर प्यूमा हेलिकॉप्टर, खुणेची अक्षरं ओएच-एचव्हीजी, त्या रात्री पाळीवर होतं. पण पाळीवर असणं म्हणजे तळावर बूट घालून बसणं नव्हे. बोलावल्यापासून तासाभरात उड्डाण, अशी तेव्हाची व्यवस्था. ते घटनास्थळी पोचलं ३ वाजून ५ मिनिटांनी. पहिलं स्वीडिश हेलिकॉप्टर आणखी पाऊण तासाने आलं. बोट बुडाल्यावर पहिलं हेलिकॉप्टर डोक्यावर यायला सव्वा तास लागला होता, आणि पाणी होतं १० ते ११ अंशांचं. एवढ्या थंड पाण्यात पहिल्या मिनिटाला श्वास ताब्यात राहत नाही, दहा मिनिटांत बोटं कामातून जातात, आणि तासाभरात शुद्ध हरपू लागते. लाइफ जॅकेट तरंगतं ठेवतं, ऊब देत नाही. जे तराफ्यावर चढू शकले, तेही बर्फासारख्या पाण्यात अर्धे बुडून बसले होते.

सर्वांत आधी पोचली होती ती ‘मारियेला’, २ वाजून १२ मिनिटांनी. मागोमाग आणखी चार फेरीबोटी. तिथेच योजनेतला मोठा दोष उघडा पडला. कागदावरचा हिशेब असा होता की माणसं उचलायचं मुख्य काम जहाजं करतील. पण वारा ताशी साठ-सत्तर किलोमीटर, लाटा चार मीटर आणि वर. उंच भिंतींच्या फेरीबोटीवरून छोटी होडी खाली सोडणं म्हणजे आपलीच माणसं मारायला पाठवणं. ‘मारियेला’ने उघडे तराफे पाण्यात सोडले आणि त्यांवर चढलेल्यांना ओढून वर घेतलं. ‘इसाबेला’ने घसरगुंडी सोडून १६ जणांना वाचवलं. तरीही जिवंत उचललेल्या १३८ जणांपैकी जहाजांनी उचलले ३४, हेलिकॉप्टरांनी १०४.

त्यातले ४४ एकट्या ओएच-एचव्हीजीने उचलले. हे कसं जमलं, तेही पाहण्यासारखं आहे. स्वीडिश हेलिकॉप्टरं वाचलेल्यांना जमिनीवर नेत होती, म्हणजे प्रत्येक फेरीत जाण्यायेण्याचा वेळ खर्च होत होता. फिनिश वैमानिकांनी हलणाऱ्या फेरीबोटींच्या डेकवर उतरायचं ठरवलं: माणसं तिथेच सोडायची आणि पुन्हा तराफ्यांकडे. वैमानिकाने नंतर सांगितलं की संपूर्ण रात्रीत सर्वांत अवघड काम तेच होतं, लाटांवर डोलणाऱ्या डेकवर चाकं टेकवणं. समुद्रातून माणूस उचलणं त्यामानाने सोपं! पण त्या एका निर्णयाने फेऱ्या वाढल्या.

खाली अनेक तराफे आणि लाइफ जॅकेटं विखुरलेली होती, बहुतेक रिकामी. वरून तराफ्याच्या छताखाली कोणी आहे की नाही हे दिसत नाही. त्यासाठी बचावकर्मीला दोरावरून उतरून आत डोकावावं लागतं. मग दुसऱ्या तराफ्यावर. मग तिसऱ्या. स्वीडिश नौदलाच्या काही हेलिकॉप्टरांच्या विंच ऐन वेळी बिघडल्या, आणि एकदा तर खाली उतरलेला बचावकर्मीच वाचलेल्यांबरोबर समुद्रात अडकला. त्याला दुसऱ्या हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. पुढे डेन्मार्कची हेलिकॉप्टरंही आली. एवढी यंत्रं एकाच काळोख्या आकाशात, ढगांखाली, वेगवेगळ्या देशांच्या रेडिओ-सवयी घेऊन फिरत होती. घटनास्थळाचं नेतृत्व ‘सिल्या युरोपा’च्या कप्तानाकडे होतं. तो निष्णात नाविक होता, पण हेलिकॉप्टरांचं वाहतूक नियंत्रण हा काही फेरीबोटीच्या कप्तानाचा व्यवसाय नव्हे. त्यासाठीची जाणकार माणसं त्याच्या जहाजावर पोचली तोवर सकाळ होत आली होती, आणि जिवंत सापडायचे ते बहुतेक सापडून गेले होते.

‘एस्टोनिया’वरचे ८५२ जण गेले, उचललेल्यांपैकी नंतर दगावलेला एक जण धरून. त्यांत ५०१ स्वीडिश आणि २८५ एस्टोनियन. वाचलेले कोणी उत्यो बेटावर, कोणी तुर्कूत, कोणी स्टॉकहोमच्या रुग्णालयात. म्हणजे एका कुटुंबातले दोघे वाचले, तर ते दोन देशांत जागे होण्याची शक्यता होती, आणि नातेवाईक तिसऱ्या देशात फोनजवळ बसलेले.

या रात्रीविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यातला बराच भाग जहाजाच्या निखळलेल्या नाकाविषयी आणि कटाच्या कहाण्यांविषयी आहे. मला त्यातून जाणवतं ते वेगळंच. सीमा ओलांडायला कोणालाही अडवलं गेलं नाही. स्वीडनची लष्करी हेलिकॉप्टरं फिनलंडच्या जबाबदारीच्या पाण्यात आली आणि फिनलंडच्या बेटांवर उतरली. राजकारणाचा भाग चोख झाला. गोष्टी अडल्या त्या फार साध्या जागी: चुकीच्या दर्जाचा रेडिओ संदेश, घरी झोपलेले वैमानिक, बंद पडलेली विंच, आकाशात कोणी कुठे जायचं हे सांगणारा माणूस नसणं.

विंच हा शब्द इतक्यांदा आला, तर त्या कामाकडे जवळून पाहायला हवं. हेलिकॉप्टर खाली हवेचा एवढा लोट सोडतं की रिकामा तराफा उलटतो आणि पाण्याचे तुषार डोळ्यांत जातात. वैमानिकाला थेट खाली दिसत नाही. दारात पालथा झोपलेला विंचचालक त्याला बोलून बोलून नेतो: पुढे, डावीकडे, थांब. रात्री समुद्रावर नजर टेकवायला झाड नाही, घर नाही. पुढे सरकतोय की मागे, हे डोळे सांगत नाहीत. लटकणाऱ्या हुकात स्थिर वीज साठलेली असते, म्हणून तो आधी पाण्याला किंवा डेकला टेकू द्यायचा. उतावीळपणे हात घातला तर झटका बसतो. जहाज खूप डोलत असेल तर आधी वजन बांधलेली एक पातळ दोरी सोडतात, तिला हाय-लाइन म्हणतात. ती धरून जहाजावरच्या लोकांनी बचावकर्मीला झोके न खाऊ देता डेककडे ओढून घ्यायचं. इथे प्रत्येक खलाशाला एक नियम पाठ असावा लागतो: ती दोरी हातात धरायची, जहाजाला कधीही बांधायची नाही. बांधली, तर हेलिकॉप्टर जहाजाला बांधलं गेलं.

गारठलेल्या माणसाला उचलण्यातही एक खुबी आहे, आणि ती फार किंमत देऊन कळलेली आहे. पाण्यात बुडालेल्या शरीरावर चहूबाजूंनी पाण्याचा दाब असतो. काखेत पट्टा घालून उभं वर खेचलं की तो दाब एकदम जातो, रक्त पायांकडे उतरतं, आणि तासभर तग धरलेला माणूस दोरावरच कोसळतो. म्हणून दुसरा पट्टा गुडघ्यांखाली घालून त्याला शक्य तेवढं आडवं उचलायचं.

हे सगळं अनोळखी देशाच्या जहाजावर, परक्या भाषेत करायचं. युक्रेनी कप्तान, फिलिपिनो किंवा रत्नागिरीचे खलाशी, ब्रिटिश वैमानिक. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये जहाजांवर बोलायच्या ठरावीक इंग्रजी वाक्यांचा संच मान्य केला. त्यातली भाषा मुद्दाम कोरडी आणि तीच ती आहे. ‘प्लीज’ नाही, वळणं नाहीत, एका अर्थाला एकच शब्द. साहित्यिकाला ती वाचायला आवडणार नाही, पण वादळात कानावर पडलेलं अर्धं वाक्य ओळखता येतं ते तिच्या तोचतोपणामुळे.

आता मोठ्या आपत्तींकडून रोजच्या कामाकडे वळू. बचाव-हेलिकॉप्टरचं बरंचसं काम बुडणाऱ्या जहाजांचं नसतं. छातीत कळ आलेला इंजिनियर, हॅचखाली सापडलेला हात, फुटायला आलेलं अपेंडिक्स: मालवाहू जहाजांवर डॉक्टर नसतो, असतो तो औषधपेटीचा कोर्स केलेला अधिकारी. त्याच्या मदतीला एक जुनी आणि सुंदर व्यवस्था आहे. १९३५ मध्ये रोममध्ये सीआयआरएम हे रेडिओ-वैद्यकीय केंद्र सुरू झालं. त्याचा पहिला अध्यक्ष खुद्द गुग्लिएल्मो मार्कोनी. जगातल्या कुठल्याही ध्वजाच्या जहाजाने कळवावं, डॉक्टर सल्ला देतो, पैसे नाहीत. आज अनेक देशांची अशी केंद्रं आहेत. मला सीमेपलीकडच्या मदतीचा हा भाग हेलिकॉप्टरइतकाच मोलाचा वाटतो, कारण हेलिकॉप्टर पाठवायचं की नाही हे बहुतेकदा इथेच ठरतं. लक्षणं ऐकून डॉक्टर सांगतो: दोन दिवस औषध देऊन पुढच्या बंदरात उतरवा, किंवा किनाऱ्याकडे वळा, सकाळी उजेडात उचलू, किंवा आत्ताच.

‘आत्ताच’ म्हणणं स्वस्त नाही. २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री पोरबंदरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर ‘हरी लीला’ या टँकरवरच्या गंभीर जखमी खलाशाला आणायला भारतीय तटरक्षक दलाचं ध्रुव हेलिकॉप्टर निघालं. ते समुद्रात कोसळलं. चौघांपैकी एक वाचला, तिघे गेले. जहाज भारतीयच होतं, सीमेचा काही प्रश्न नव्हता. पण एका रुग्णासाठी चार माणसं काळोखात पाठवणं म्हणजे काय, हे त्या रात्रीने दाखवलं.

तरीही आपल्या समुद्रात असे फोन येतात आणि उचलले जातात. १६ ऑगस्ट २०२३ च्या रात्री चीनहून अमिरातीकडे निघालेल्या ‘दोंग फांग कान तान क्र. २’ या संशोधन जहाजावरून मुंबईच्या केंद्राला कळवलं गेलं की एका खलाशाच्या छातीत दुखतंय, हृदयविकाराची लक्षणं आहेत. जहाज किनाऱ्यापासून सुमारे २०० किलोमीटरवर, हवा खराब, काळोख. आधी दूरवरून वैद्यकीय सल्ला, मग दमणच्या तळावरून ध्रुव. त्यांनी त्याला उचलून आणलं. जुलै २०२४ मध्ये मुंबईपासून सुमारे २०० सागरी मैलांवर ‘चोंग शान मन’ या मालवाहू जहाजावरच्या चिनी खलाशासाठी नौदलाचं सी किंग कुलाब्याच्या ‘आयएनएस शिक्रा’वरून गेलं. दोनशे सागरी मैल म्हणजे ३७० किलोमीटर. ताशी शंभर-सव्वाशे सागरी मैलांनी जाणाऱ्या हेलिकॉप्टरला जायला दोन तास, यायला दोन तास, आणि मधे वाऱ्याशी झगडत एका जागी टांगून राहायचं ते वेगळं. इंधनाचा काटा परवानगी देईल तेवढीच मिनिटं जहाजावर मिळतात. गलवानमधल्या भारत-चीन चकमकीला तेव्हा चार वर्षं झाली होती. मुंबईच्या केंद्रात त्याची चर्चा झाली असेल असं वाटत नाही.

किनाऱ्यावर आणलेल्या परक्या रुग्णाच्या पासपोर्टचं काय? त्याचंही उत्तर आधी लिहून ठेवलेलं आहे. बंदरात किंवा देशाच्या पाण्यात आलेल्या जहाजांवरच्या खलाशांना तातडीचे उपचार किनाऱ्यावर मिळाले पाहिजेत, असं २००६ चा सागरी कामगार करार सांगतो. कागद मागाहून होतात.

जमिनीवर हाच विचार युरोपने इतका रोजचा करून टाकला आहे की त्यातलं नवल संपलं. जर्मनीत आखेनजवळ ‘क्रिस्टोफ युरोपा १’ हे रुग्णवाहिका-हेलिकॉप्टर असतं. नेदरलँड्सच्या गावातून हाक आली तर ते सीमा ओलांडून जातं, म्हणूनच नावात युरोपा. डेन्मार्कच्या सीमेलगत नीब्युलला ‘क्रिस्टोफ युरोपा ५’ आहे. स्विस रेगा संस्थेचं बाझेलचं हेलिकॉप्टर तर मुळात उभं असतं फ्रान्सच्या जमिनीवर, कारण बाझेलचा विमानतळच फ्रान्समध्ये आहे. तिथून ते स्वित्झर्लंडमध्ये जातं आणि दक्षिण जर्मनीतही. सर्वांत जवळचं यंत्र पाठवायचं, बिलाचा हिशेब विमा कंपन्यांनी नंतर घालायचा. सीमेवरच्या माणसाला त्याचं काही वाटेनासं होणं, हेच त्या व्यवस्थेचं यश.

अरबी समुद्र तिथून फार लांब आहे. पण तोही अगदीच मुका नाही. भारतीय तटरक्षक दल आणि पाकिस्तानची सागरी सुरक्षा संस्था यांच्यात २००५ मध्ये सामंजस्य करार झाला आणि थेट संपर्काची सोय झाली. दोन्ही देशांचे मच्छीमार एकमेकांच्या तुरुंगांत असतात, राजदूत परत बोलावले जातात, आणि तरीही ही तार जोडलेली राहते. ४ डिसेंबर २०२४ रोजी तिचा उपयोग झाला. पोरबंदरहून इराणच्या बंदर अब्बासकडे निघालेलं ‘अल पिरानपीर’ हे गलबत पहाटे बुडालं. हाक मुंबईला पोचली. जागा द्वारकेच्या पश्चिमेला सुमारे २७० किलोमीटर, पाकिस्तानच्या शोध-बचाव क्षेत्रात. मुंबईने पाकिस्तानच्या केंद्राला कळवलं, गस्तीवरचं ‘सार्थक’ जहाज तिकडे वळवलं. पाकिस्तानी विमानाने आणि एका व्यापारी जहाजाने शोधाला हातभार लावला. एका छोट्या डिंगीत बसलेले बाराही खलाशी ‘सार्थक’ने उचलले. २६ डिसेंबरला पुन्हा तेच: मुंद्र्याहून सोकोत्राला निघालेलं ‘ताज धारे हरम’, पुन्हा पाकिस्तानचं क्षेत्र, पुन्हा दोन केंद्रांचं बोलणं, आणि नऊ जणांना उचलणारं भारतीय जहाज ‘शूर’.

दोन्ही वेळा शोधायला विमानं होती आणि उचलायला जहाजं, हेलिकॉप्टर नव्हतं. शोधणारं विमान वरून पाहतं आणि निघून जातं. उचलणारं हेलिकॉप्टर मात्र इंधनासाठी, रुग्ण उतरवण्यासाठी, वादळात आसऱ्यासाठी कुठल्या तरी जमिनीवर टेकतं, आणि ती जमीन शेजाऱ्याची असू शकते. बाल्टिकमध्ये उत्यो बेटावर कोण उतरेल हे विचारावं लागत नव्हतं. आपल्याकडे ते अजून कोणी कोणाला विचारल्याचं ऐकिवात नाही. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरलाच आणखी एक ध्रुव कोसळलं, आणि तटरक्षक दलासह सगळ्या दलांची ध्रुव हेलिकॉप्टरं काही महिने जमिनीवर ठेवली गेली. एवढ्या काळात द्वारकेच्या पश्चिमेला अडीचशे किलोमीटरवर कोणाच्या छातीत कळ आली असती, तर डिंगी शोधून काढणं पुरलं नसतं.